सतरा नंबर उगवला नाही

मी नोकरीला लागले तेव्हा माझं काम काय, हे माझ्या आईला शेजारणींना समजावून सांगता येत नसे. शेवटी तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. कुणी विचारलं की म्हणायची, "गव्हाची लग्नं लावती आमची पोरगी." मी हसायचे. पण पुढं तीसेक वर्षं गहू पैदासकार म्हणून काढल्यावरही याहून थोडक्यात मला ते सांगता आलेलं नाही.

गहू हे तसं घरकोंबडं पीक. नर-मादी एकाच फुलात, आणि फूल उघडायच्या आतच सगळं उरकलेलं. दोन वेगळ्या गव्हांचा संकर हवा असेल तर माणसालाच मध्ये पडावं लागतं. ओंबी पोटरीतून, म्हणजे वरच्या पानाच्या वेटोळ्यातून, बाहेर आली की बारीक चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि दोन-तीन दिवसांनी सकाळच्या वेळी दुसऱ्या गव्हाचे पराग आणून आत झटकायचे. मिळतात मूठभर दाणे. ते पेरले की पुढच्या पिढ्यांमध्ये आजोबाचं नाक, आजीची उंची, मामाचा तापटपणा असं सगळं वेगवेगळं बाहेर पडू लागतं. त्यातून हवं ते निवडत जायचं. रब्बी वर्षातून एकदाच येतो, म्हणजे गव्हाची एक पिढी म्हणजे आपलं एक वर्ष. एका वाणामागं माणसाची अर्धी नोकरी जाते.

आमचं केंद्र धाराशिव जिल्ह्यात होतं. नेमकं कुठं ते लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. काम एकच, कोरडवाहू गहू. परतीच्या पावसानं काळ्या रानात जी ओल मुरते तेवढ्यावर येईल असा गहू. एकदा परंड्याहून एक गृहस्थ दोन एसट्या बदलून आले आणि 'बिनपाण्याच्या गव्हाचं' बी मागू लागले. असा गहू नसतो, म्हटल्यावर त्यांनी आमच्या आवाराकडं, पाटीकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मग तुमी एवढी माणसं हितं करता काय?" मी त्यांना चहा दिला. उत्तर मात्र लांबलचक होतं, आणि त्यांना गाडी गाठायची होती.

ते उत्तर असं. दुष्काळ सोसण्याचा असा एखादा जीन नसतो, की तो उचलला आणि इकडून तिकडं बसवला. मुळं किती खोल जातात, पानं दुपारच्या उन्हात किती थंड राहतात, काडीत साखर किती साठवली आणि पाणी तुटल्यावर ती दाण्यात किती उतरवली, ओंबी वेळेवर निसवली, म्हणजे बाहेर पडली, की नाही, अशा बारीकसारीक गोष्टींचं मिळून ते बनतं. आणि त्यातल्या प्रत्येकीमागं पुन्हा अनेक जीन, प्रत्येकाचा हात थोडाथोडाच. एक सुधारायला जावं तर दुसरं बिघडतं.

देशमाने साहेब आमच्या केंद्राचे प्रमुख. उंच, काटकुळे, पांढऱ्या टोपीखाली मान उन्हानं काळी पडलेली. त्यांनी आपली उमेदीची वर्षं एका संकराला दिली होती. एक जुना उंच देशी गहू आणि एक बुटका, भरघोस ओंबीचा सुधारित गहू. त्या दोघांच्या पोटी आलेल्या शेकडो वंशांतून चाळत चाळत उरलेला एक, वाफ्यावरच्या पाटीवरून त्याचं नाव पडलं सतरा नंबर. दुपारी बाकीच्या वाफ्यांची पानं गुंडाळायची, तेव्हा सतरा नंबर मोकळा उभा असायचा. तापमान मोजायचं यंत्र त्याच्या पानांवर धरलं की आकडा शेजाऱ्यांपेक्षा कमी. साहेब ते यंत्र बाजूला ठेवून तळहात पानांवर फिरवायचे. "बघा, थंड आहे," म्हणायचे. त्यांचं लग्न झालेलं होतं, मुलं होती, पण आमच्यातले काही जण गमतीनं म्हणत की साहेबांचा थोरला मुलगा वाफ्यात आहे.

साहेबांच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा रब्बी. सतरा नंबर आता शेतकऱ्यांच्या रानात घालून बघायचा होता. ते काम माझ्याकडं आलं.

नळदुर्गाच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून एक गाव आहे. तिथं सिद्रामप्पा नावाचे एक शेतकरी होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. घरात कन्नड, बाहेर मराठी. मी त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांचं नदीकडचं रान काळं, खोल, गावात नावाजलेलं. मी रान मागितलं तेव्हा आप्पा मान हलवून "बेड, बेड" म्हणाले. बेड म्हणजे नको. त्यांचा मुलगा महादेव मात्र आमच्या केंद्रावर दोनदा येऊन गेलेला. नवीन लग्न झालेला, अंगानं भक्कम, शाळा दहावीला सोडलेली पण प्रश्न विचारणारा. तो बापाशी कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. शेवटी आप्पा मला म्हणाले, "ह्यो ऐकत न्हाय. करा काय करायचं ते. पण निम्म्या रानात माझा घरचा गहू राहील."

तेच आम्हाला हवं होतं. शेजारी शेजारी दोन गहू. महादेव खूश झाला. "म्याडम, बगा तुमी, पुढच्या साली अख्खं गाव तुमच्या दारात बी मागाया उभं ऱ्हातंय."

त्या वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. ढग यायचे, सोलापूरकडं निघून जायचे. पेरणीच्या दिवसांत रानाचा वरचा थर पिठासारखा कोरडा झालेला. ओल होती, पण खाली. अशा वर्षी इकडचे शेतकरी बी ओलीत नेऊन टाकतात. तिफणीवर, म्हणजे पेरायच्या तीन फणांच्या अवजारावर, वजन ठेवायचं, फण खोल दाबायचे, मुठीएवढ्या खोलीवर ओल लागली की तिथं बी सोडायचं. वरची माती कोरडी असली तरी कोंब खालून वर येतो. पिढ्यानपिढ्या गहू असाच पेरलेला. महादेवनंही तसाच पेरला. तिफण त्याच्या हातात, मूठमूठ बी सोडायच्या चाड्यावर त्याची बायको सुवर्णा. अर्धं रान सतरा नंबर, अर्धं घरचा गहू. मी बांधावर उभी होते. ओळी अशा सरळ की बघत राहावं.

आठवडा उलटून गेल्यावर महादेवचा केंद्रावर फोन आला. "म्याडम, येऊन जावा जरा."

मी गेले. घरच्या गव्हाच्या पट्ट्यात हिरव्या ओळी उठल्या होत्या. सतरा नंबरचा पट्टा काळाच्या काळा. कुठं कुठं एखादं पातं, तेही आजारी माणसासारखं फिकट. महादेव त्या काळ्या रानात उभा होता आणि मला बघून हसायचा प्रयत्न करत होता.

मी बसून हातानं माती उकरली. बी कुजलेलं नव्हतं. मुंग्यांनी नेलेलं नव्हतं. प्रत्येक दाण्याला मूळ फुटलेलं, कोंब फुटलेला. पण तो कोंब वर पोचण्याआधीच थांबलेला. पानं मातीच्या आतच बाहेर पडलेली, पांढरी, दुमडलेली, घडी पडल्यासारखी. उकरावं तिथं तेच. अख्खा पट्टा उगवला होता आणि जमिनीखालीच मेला होता.

दोन दिवसांनी साहेब आले. गावातली बरीच माणसं बांधावर जमली. सरकारी गहू उगवला नाही, ही बातमी अशा गावात लपत नाही. साहेबांनीही माती उकरली, काडीनं खोली मोजली, हात झटकले आणि उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पेरणी चुकली. बी फार खोल गेलं."

कुणीतरी मागून हसलं. महादेव म्हणाला, "साहेब, ओल तितंच होती. घरचं बी तेवढ्याच खोल हाय, त्ये उगवलं की."

"घरचा गहू वेगळा. ह्याला दोन बोटं खोल पेरायला हवं होतं."

"दोन बोटांवर तर फुफाटा हाय, साहेब."

साहेबांनी हातातली काडी टाकून दिली. ते गाडीकडं वळले. आणि तेवढ्यात आप्पा, जे आजवर माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, ते मुलाकडं वळून मराठीत बोलले. कन्नडमध्ये बोलले असते तर निम्म्यांना कळलं नसतं. "तिफण धरायची अक्कल न्हाय आन् शास्त्र शिकवायलास मला. नदीचं रान घातलंस मातीत."

महादेवनं मान खाली घातली. सुवर्णा बांधाच्या पलीकडं उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला. माणसं पांगली. मी गाडीत बसले.

साहेब बोलले ते खोटं नव्हतं. बी खोल गेलंच होतं. पण खोल म्हणजे कुणासाठी खोल, हा प्रश्न मला झोपेतही सोडेना. आमच्या केंद्रावर आम्ही पेरणीआधी रान एकदा ओलवून घ्यायचो, वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओल उरली, की दोन बोटांवर बी टाकायचो, आणि मग पाणी तोडून दुष्काळ 'द्यायचो'. आमचा दुष्काळ उगवणीनंतर सुरू व्हायचा. शेतकऱ्याचा उगवणीच्या आधीपासून असतो. इतकी वर्षं सगळ्या चाचण्या तशाच झाल्या, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

केंद्रात परत आल्यावर मी सतरा नंबरचे, जुन्या देशी गव्हाचे आणि आमच्याकडच्या आणखी काही बुटक्या वाणांचे दाणे ओल्या टिपकागदात गुंडाळून कपाटात अंधारात ठेवले. गव्हाच्या कोंबावर एक म्यान असतं. तलवारीला असतं तसं. कोवळं पान त्या म्यानात राहून माती फोडत वर येतं. म्यान जेवढं लांब, तेवढ्या खोलीवरून गहू वर येऊ शकतो. म्यान संपलं की पान उघडं पडतं, आणि उघडं पान माती फोडू शकत नाही. काही दिवसांनी गुंडाळ्या उलगडल्या. जुन्या गव्हाचं म्यान माझ्या करंगळीहून लांब होतं; आप्पांचा घरचा गहू असाच जुना, उंच. सतरा नंबरचं करंगळीच्या दोन पेरांएवढं. बाकीच्या बुटक्यांचंही तेवढंच.

तेव्हा सगळं जागेवर बसलं. गहू बुटका करणारा जो जीन, तो झाडाला वाढीच्या संप्रेरकाची हाक ऐकूच येऊ देत नाही. पेशी आखूड राहतात, काडी आखूड राहते, गहू वाऱ्यानं आडवा लोळत नाही, खतपाणी पचवतो. बागायतीत हे वरदान ठरलं. पण झाडाला काडी कुठली आणि म्यान कुठलं हे कळत नाही. काडी आखूड तर म्यानही आखूड. सतरा नंबरमध्ये आम्ही खोल मुळं, थंड पानं, गोड काडी, सगळं जमवलं होतं. पण जन्माला येण्यापुरतं बळ त्याच्यात ठेवलं नव्हतं.

मी गुंडाळ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पुन्हा लावा," म्हणाले. पुन्हा लावल्या. तेच निघालं. साहेबांनी खिडकीतून वाफ्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "वीस वर्षं."

"साहेब, त्या पोराला सांगायला हवं. गावासमोर."

"सांगू. थोडं थांबा."

मला थांबवेना. मी गावी गेले. महादेव घरी नव्हता. त्या दिवसानंतर बापलेकांचं बोलणं तुटलं होतं. गावात लोक त्याला दोन बोटं दाखवून विचारायचे, "महादेव, एवढं का?" निम्मं रान रिकामं, हाताला काम नाही, म्हणून तो ढोकीच्या बाजूला ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून गेला होता. मी आप्पांना सगळं समजावून सांगितलं. म्यान, बुटकेपणा, सगळं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंजे पोरगं बराबर पेरलं होतं."

"हो, आप्पा. अगदी बरोबर."

"मला नगा सांगू म्याडम. त्याला सांगा."

आतून सुवर्णा म्हणाली, "ताई, त्यांना म्हणावं, घरी या. आप्पाबी वाट बघायलेत, पण बोलून दावणार न्हाईत."

मी ढोकीला गेले. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, हवेत मळीचा आंबूस वास. ड्रायव्हर ट्रॉल्यांच्या सावलीला झोपलेले. विचारत विचारत महादेव सापडला. दाढी वाढलेली, हातावर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मला बघून तो खाली उतरला. मी तिथंच उभ्या उभ्या त्याला सांगितलं. चूक तुझी नव्हती. बी तुझ्या पेरणीला पुरं पडलं नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्यानाबद्दल दोन प्रश्नही विचारले, नेमके. मग म्हणाला, "म्याडम, चूक काढली तवा अख्खं गाव होतं. आन् आता माफी सांगायला तुमी एकट्या आलाव, हितं, उसाच्या रांगंत."

त्यानं पुढच्या रांगेकडं एकदा पाहिलं.

"तुमच्यावर राग न्हाय माझा. पण ह्ये साहेबानं गावात येऊन म्हणलं पायजे. आप्पाच्या कानावर पडलं पायजे, आन् त्या हसणाऱ्यांच्याबी. मग मी येतो घरी."

"आणते साहेबांना," मी म्हटलं. "नक्की आणते."

पुढची रांग हलली. तो ट्रॅक्टरवर चढला आणि वरून म्हणाला, "लांब म्यानाचा बुटका गहू करता येत न्हाय का वो?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बघावं लागेल."

"बगा की मग."

साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं. ते जायला तयार होते. मला आजही वाटतं की ते मनापासून तयार होते. पण एकदा वरून पाहुणे आले, एकदा बैठक निघाली, एकदा त्यांचा रक्तदाब वाढला. आपल्या उभ्या आयुष्याचं काम चुकलं, हे गावच्या बांधावर उभं राहून सांगायला जाणाऱ्या माणसाचे पाय जड होतात. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. शेवटी एक सोमवार ठरला.

त्याच्या आधल्या शुक्रवारी महादेव रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परत निघाला होता. उतारावर समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देताना मागची ट्रॉली खड्ड्यात गेली आणि तिनं ट्रॅक्टर उलटा ओढला. तो खाली सापडला. लोकांनी ट्रॅक्टर उचलेपर्यंत संपलं होतं.

सुवर्णाच्या भावानं केंद्रावर फोन केला. मी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चला." एवढंच.

त्यांच्यात दहन नसतं. बसलेल्या स्थितीत पुरतात. आम्ही पोचलो तेव्हा मठाजवळच्या जागेत खड्डा तयार होता, माणसं जमलेली होती. साहेब गर्दीतून पुढं गेले. मी त्यांना अडवणार होते, ही ती वेळ नव्हती. पण ते थांबले नाहीत. आप्पांच्या समोर उभं राहून, टोपी हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "महादेवची पेरणी चुकली नव्हती. बियाणं आमचं चुकलं होतं. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला बोललो. ते मी बोलायला नको होतं."

आप्पांनी साहेबांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "साहेब," ते म्हणाले, "म्याबी बोललो. मी त्याचा बाप, तुमच्यापेक्षा जास्त बोललो. आता दोगंबी सांगू त्याला. पर त्यो कुठं ऐकायलाय?"

साहेब त्या मार्चमध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. सतरा नंबरचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच मागं घेतला. पुढं ते मुलाकडं राहायला गेले आणि काही वर्षांनी वारले. त्यांच्याबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी सांगते, चांगले शास्त्रज्ञ होते. ते खरं आहे.

लांब म्यानाचा बुटका गहू करता येतो. ते मला शोधायला फार वेळ लागला नाही, करायला लागला. बुटकेपणाचे जीन एकाहून जास्त आहेत. त्यातले काही झाडाला संप्रेरकाबाबत बहिरं करत नाहीत, वेगळ्या वाटेनं बुटकं करतात, आणि म्यानाला हात लावत नाहीत. दुसऱ्या एका संस्थेकडून तसं बी मिळवलं. सतरा नंबरशी संकर. मग पुन्हा सतरा नंबरशी. मग पुन्हा. दर वर्षी एक पिढी. जुना बुटकेपणा काढून टाकायचा, नवा ठेवायचा, आणि खोल मुळं, थंड पानं वाटेत सांडू द्यायची नाहीत. प्रत्येक रब्बीत शेकडो दाणे टिपकागदात गुंडाळून अंधारात ठेवायचे आणि म्यान मोजायचं. केंद्रातल्या नव्या मुलांना मी विक्षिप्त वाटायचे. वाफ्यातलं पीक सोडून ही बाई कपाटात काय बघते?

पुढं त्या वाणाचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला नाही. राज्यभरच्या चाचण्यांमध्ये, जिथं बहुतेक ठिकाणी रान ओलवून दोन बोटांवर पेरतात, तिथं त्याचं उत्पन्न इतरांएवढंच आलं. 'विशेष सरस आढळला नाही' असा शेरा पडला. बैठकीत मी खोल पेरणीचं सांगितलं. एका तरुण सदस्यानं विचारलं, "पण मॅडम, आता कोरडवाहू गहू कोण पेरतं? लोक हरभरा करतात, सोयाबीन करतात." त्याचं चूक नव्हतं. मी हे काम करत होते तेवढ्या वर्षांत ज्यांच्यासाठी करत होते तेच कमी होत गेले होते.

पण बैठकीआधी, माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना, तो एकदा त्याच रानात पेरायचा असं मी ठरवलं होतं. त्या साली पुन्हा परतीच्या पावसानं पाठ फिरवली होती. मी गावी गेले. घर आता सुवर्णा चालवत होती. तिला मुलगी होती. बाप गेला तेव्हा ती पोटात होती, आता कॉलेजला जायच्या वयाची. सुवर्णाचे केस पिकले होते. तिनं चहा ठेवला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"रान देते," ती म्हणाली. "पर माझी एक अट हाय, ताई."

"बोला."

"उगवलं न्हाय तर चूक कुणाची, त्ये आधी सांगायचं. पेरायच्या आधी. गावासमोर."

मी कबूल झाले. मारुतीच्या पारावर सकाळी माणसं बसलेली असतात, तिथं गेले. म्हटलं, "उद्या सुवर्णाताईंच्या रानात आमचा गहू पेरतोय. ओल खाली आहे, म्हणून खोल पेरणार. उगवला नाही तर चूक बियाण्याची. म्हणजे माझी. पेरणाऱ्याची नाही." तरुण पोरं मोबाइलवरून मान वर काढून बघत होती, त्यांना कशाचा काही संदर्भ नव्हता. दोन-तीन म्हातारी माणसं मात्र खाली बघू लागली. त्या दिवशी हसणारे कदाचित त्यांच्यातच होते. कदाचित नव्हते.

दुसऱ्या दिवशी भाड्यानं आणलेल्या ट्रॅक्टरवर पेरणी झाली. सुवर्णा स्वतः मागून चालत, जागोजागी माती बाजूला करून बी ओलीत पडतंय का ते बघत होती.

मी गावातच मुक्काम ठोकला. आठव्या का नवव्या सकाळी सुवर्णानं दारातून हाक मारली, "ताई, चला." आम्ही रानात गेलो. ओळी उठल्या होत्या. कोरड्या, भेगाळू लागलेल्या मातीतून पोपटी सुया, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही तुटक नाही. मला वाटलं होतं मी रडेन. मी फक्त उभी राहिले. सुवर्णानं एका रोपाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

आप्पा घरी होते. खूप थकलेले, काठीशिवाय चालता येत नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, बघायला चलता का? उगवलाय." सुवर्णा मला डोळ्यांनी नको म्हणत होती, ते मला उशिरा दिसलं. पण आप्पा उठले. आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी त्यांना धरून नेलं. रस्ताभर ते थांबून थांबून दम घेत होते.

बांधावर पोचल्यावर ते बराच वेळ बघत राहिले. वाऱ्यानं ओळी हलत होत्या. मला वाटलं, दिसत नसेल त्यांना, म्हणून मी म्हटलं, "सगळा उगवलाय, आप्पा. मुठीएवढ्या खोलीवरून."

"दिसायलंय मला," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. आवाजात राग नव्हता, एखादं पोर विचारतं तसं त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्ये असं उगवता येत होतं, तर मग तवा का न्हाय उगवलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मी ते वर्गात शिकवलेलं होतं, परिषदांमध्ये फळ्यावर काढून दाखवलेलं होतं. कोणता जीन, कोणत्या गुणसूत्रावर, काय केल्यानं काय होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही वाक्य त्या म्हाताऱ्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

"घरी न्या मला," आप्पा सुवर्णाला म्हणाले. तिनं त्यांचा हात खांद्यावर घेतला. ती दोघं बांधावरून हळूहळू निघाली आणि मी त्या रानात उगवलेल्या गव्हापाशी एकटीच राहिले.